रुक्मिणीचा मेसेज

‘शनिवारी पाहुणे बघायला येताहेत,’ आईचा फोन. झालं! मुंबईहून रात्रीची अमरावती एक्स्प्रेस पकडली. सोबतीला व्लादिमिर प्रॉप. या रशियन गृहस्थाने १९२८ साली परीकथांचं गणितच मांडलं. पात्रं फक्त सात: नायक, तोतया नायक, खलनायक, मदतनीस, जादूची वस्तू देणारा, नायकाला कामगिरीवर धाडणारा आणि राजकन्या. कोश्चेई राजकन्येला पळवतो, इवान सोडवतो. तिने बहुतेकदा वाट बघायची!

अकोला गेलं, उजाडलं. अमरावतीत उतरून घरी जायच्या आधी अंबादेवीला गेले. रुक्मिणीहरण इथेच झालं, असं आमचं अख्खं गाव मानतं. तिचं माहेर कौंडण्यपूर, वर्धा नदीकाठी, इथून साधारण ४० किलोमीटर.

प्रॉपची यादी लावून पाहा. खलनायक, भाऊ रुक्मी. तोतया नायक, शिशुपाल. मदतनीस, निरोप नेणारा सुदेव ब्राह्मण. आणि कृष्णाला धाडणारा? खुद्द राजकन्या! भागवतात तीच कळवते: लग्नाच्या आदल्या दिवशी देवीला येईन, तिथून ने. वेळ, जागा, सगळा प्लॅन तिचा. बॉस, दोन रोल एकटीने!

आजी सांगायची, “वाट पाहत नोती बसली वो थे. चिठ्ठीच धाडली तिनं!”

देवळाबाहेर मोबाइल काढला. ‘बाबा, पाहुण्यांना नाही म्हणा. मी माझा माणूस निवडलाय. घरी येऊन सांगते.’

अंगठा थरथरला. पण सेंड केलं.