मुंबई ते अँटवर्प : लहानग्यांसह दोन विमानांचा प्रवास

मुंबईहून अँटवर्पला निघालेले कुटुंब सहसा एका उड्डाणात पोहोचत नाही. त्या शहराचा स्वतःचा विमानतळ लहान आहे. मोठी विमाने ब्रसेल्सजवळच्या झाव्हेंटेम येथे उतरतात, आणि तेथवर जाण्यासाठीही बहुधा दोहा, दुबई, अबू धाबी किंवा फ्रँकफर्ट येथे विमान बदलावे लागते. १९६० च्या दशकापासून हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त जैन कुटुंबे अँटवर्पमध्ये स्थिरावत गेली. आज तेथे नातवंडांची पिढी शाळेत जाते. तिकडच्या शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते. त्या दोन महिन्यांत मुले आजोळी येतात, तर इकडून आजी-आजोबांसह सुना-नातवंडे तिकडे जातात. या वाटेवर बालप्रवाशांची वर्दळ त्यामुळे मोठी आहे.

व्यापारी घरात तिकिटाचा भाव, सामानाचे वजन आणि पोहोचण्याची वेळ यांचा हिशेब चोख होतो. मुलाच्या झोपेचा, भुकेचा, कानांचा आणि चंचल पायांचा हिशेब मात्र अनेकदा विमान सुटल्यावर मांडला जातो, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. दोन विमानांचा प्रवास मुलाला सुखाचा व्हावा असे वाटत असेल, तर त्याच्या शरीराचा हिशेब तिकीट घेतानाच मांडला पाहिजे.

तिकीट आणि मधला थांबा

मुंबईहून दोहा सुमारे साडेतीन तासांवर आहे. तेथून ब्रसेल्स आणखी साडेसहा-सात तास. दोन उड्डाणांमधला थांबा दीड तासाचा असेल, तर पहिले विमान थोडे उशिरा पोहोचताच मुलाला कडेवर घेऊन धावपळ करावी लागते. तो दहा तासांचा असेल, तर भाव कितीही आकर्षक असला तरी रात्री-अपरात्री खुर्चीवर अवघडून झोपलेले मूल दुसऱ्या विमानात शिरण्याआधीच थकून जाते. तीन ते चार तासांचा थांबा बहुतेक मुलांना मानवतो. तेवढ्या वेळात सुरक्षा तपासणी होते, हातपाय मोकळे होतात, पोटभर खाणे होते आणि कपडेही बदलता येतात.

आखाताकडे जाणारी बरीच विमाने मुंबईहून पहाटेच्या अंधारात सुटतात. अशा वेळी मुलाला आदल्या संध्याकाळी लवकर झोपवावे आणि घरातून निघताना सैल सुती कपड्यांतच उचलून न्यावे. दोन वर्षांखालील मूल बहुधा आईच्या मांडीवर प्रवास करते. दोन वर्षे पूर्ण झाल्यावर त्याला स्वतंत्र आसन घ्यावे लागते. तान्ह्या बाळासाठी विमानात भिंतीला अडकवायचा पाळणा मिळू शकतो. मात्र त्याला वजनाची मर्यादा असते आणि पाळणे मोजकेच असल्याने मागणी तिकिटासोबतच नोंदवावी लागते. बाबागाडी मधल्या थांब्यावर हाती मिळेल की थेट ब्रसेल्सला, हे ती सोपवतानाच विचारून घ्यावे.

कान, पाणी आणि औषधे

उंचावर विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. तो सुमारे ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावरील दाबाइतका ठेवलेला असतो. विमान खाली येऊ लागले की दाब पुन्हा वाढतो. कानाच्या पडद्यामागची पोकळी घशाशी जोडणारी नळी लहान मुलांत अरुंद असते. ती वेळेवर उघडली नाही, तर पडदा आत ओढला जाऊन कळा येतात. विमान उतरण्यापूर्वी अर्धा तास अनेक बाळे एकदम रडू लागतात, त्याचे हे एक मोठे कारण. गिळण्याच्या क्रियेने ती नळी उघडते. म्हणून उतरण सुरू होताच बाळाला अंगावर किंवा बाटलीने दूध द्यावे, मोठ्या मुलाला नळीने घोट घोट पाणी पाजावे आणि जांभया देण्याचा खेळ करावा. झोपलेले मूल गिळत नाही, म्हणून त्याला हळुवार जागे करणे हिताचे. चार वर्षांखालील मुलाला टणक गोळी किंवा अख्खे दाणे देऊ नयेत. ते घशात अडकण्याचा धोका असतो. दोन विमाने म्हणजे दोन उतरणी. नाक चोंदलेले असेल किंवा कानाचे दुखणे चालू असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे.

विमानातील हवा अतिशय कोरडी असते. मूल तहान बोलून दाखवत नाही. ते किरकिर करते. ओठ सुकणे आणि लघवी कमी होणे या खुणांकडे लक्ष ठेवून दर तासाला दोन-चार घोट द्यावेत. रिकामी बाटली तपासणीतून नेऊन पलीकडे भरून घेता येते. बाळाचे दूध व अन्न प्रवासापुरते नेण्यास १०० मिलिलिटरची सर्वसाधारण मर्यादा सहसा लागू होत नाही. तपासनीसाला ते वेगळे काढून दाखवावे. जेवणापूर्वी हात धुवावेत आणि समोरची घडीची फळी पुसून घ्यावी, म्हणजे सर्दी-जुलाबाचा धोका कमी होतो.

मुलाने झोपावे म्हणून गुंगीचे औषध देण्याचा मोह टाळलाच पाहिजे. काही मुले अशा औषधाने उलट अधिक चेकाळतात, आणि श्वासावर परिणाम होण्याची भीती असते ती वेगळीच. तापाचे औषध वजनानुसार किती द्यायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि चिठ्ठी औषधांसोबत हातातल्या पिशवीत ठेवावी. कोडीन असलेली खोकल्याची औषधे आखाती देशांत कडक नियमांखाली येतात. त्यांपैकी काही देशांत खसखससुद्धा अमली पदार्थांत गणली जाते. आजीने प्रेमाने दिलेल्या अनारशांना आणि खसखस घातलेल्या लाडवांना म्हणून या वाटेवर घरीच राहू द्यावे.

सूर्य, घड्याळ आणि शिदोरी

जैन भोजनाची मागणी दोन्ही उड्डाणांसाठी निघण्याच्या किमान दोन दिवस आधी नोंदवावी आणि ती दोन्हीकडे पोहोचल्याची खात्री करावी. मुलांचे भोजन हा वेगळा प्रकार असतो. त्यात कांदा-बटाटा असू शकतो. त्यामुळे खरी भिस्त घरच्या शिदोरीवरच. खाकरा, सुकी पुरी, कोथिंबीर-बटाट्याविना केलेली मुरमुऱ्यांची भेळ, राजगिऱ्याची चिक्की हे पदार्थ टिकतात आणि सांडतही नाहीत. मात्र युरोपीय संघात बाहेरून दूध, तूप, पनीर, पेढे नेण्यास मनाई आहे. तान्ह्यांसाठीची दूधभुकटी व बालान्न बंद पाकिटात ठराविक मर्यादेपर्यंत चालते. ताज्या फळांपैकी केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन वगळता इतरांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. हापूसची पेटी उचलण्यापूर्वी हे ध्यानात असावे.

पहाटेच्या विमानाचा एक लाभ फार थोड्यांच्या लक्षात येतो. दोहाची वेळ मुंबईहून अडीच तास मागे, तर ब्रसेल्सची उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. पश्चिमेकडे जाताना दिवस तेवढाच लांबतो आणि बराचसा प्रवास उजेडात होतो. नवकारशीनंतरची न्याहारी दोहाच्या विमानतळावर, दुपारचे जेवण दुसऱ्या विमानात आणि संध्याकाळचे अँटवर्पच्या घरी, असा क्रम सहज बसतो. मात्र डिसेंबरात तेथे पावणेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणून पोहोचताच चूल पेटवावी लागते. जूनअखेरीस उलट रात्री दहापर्यंत उजेड असतो. तेव्हा मुलाला सूर्याकडे पाहून नव्हे, पडदे ओढून वेळेवर झोपवावे.

परतीच्या वाटेवर बहुधा मध्येच रात्र येते. मोठ्यांचा चौविहार त्यांच्या निश्चयाचा असतो, पण लेकराची तहान त्याच मापाने मोजता येत नाही. त्याग शक्तीनुसार करावा, असे धर्मच सांगतो. कोरड्या हवेत सहा-सात तास पाण्याविना काढण्याची शक्ती तीन वर्षांच्या शरीरात नसते. घरातील वडीलधाऱ्यांनी हे निघण्यापूर्वीच मोकळ्या मनाने ठरवले, तर विमानात आईच्या मनाची ओढाताण होत नाही.

दोहाचे तीन तास

दोहाचा हमद विमानतळ २०१४ मध्ये सुरू झाला. त्याच्या मुख्य दालनात ऊर्स फिशर या शिल्पकाराचे सुमारे सात मीटर उंचीचे पिवळे अस्वल बसलेले आहे. त्याच्या डोक्यातून एक मोठा दिवा निघालेला दिसतो. लहान मुले त्याला पाहताच थबकतात. २०२२ मध्ये येथे काचेच्या छताखाली झाडांची एक विस्तीर्ण बाग उघडली. बंद विमानातून आलेल्या डोळ्यांना ती हिरवाई आणि वरून झिरपणारा उजेड हेच मोठे औषध ठरते.

या तीन तासांचा क्रम साधा असावा. आधी स्वच्छतागृह आणि कोरडे कपडे, मग चालणे-पळणे, त्यानंतर खाणे, आणि शेवटी अर्धा तास शांत गोष्ट. पडद्यावरची चित्रे विमानासाठी राखून ठेवावीत. दुकानांच्या रांगेतून मोठ्यांनी फिरायचे आणि मुलाने मागे फरफटत जायचे, हा या थांब्याचा सर्वांत वाईट उपयोग. बाहेर कडक ऊन असले तरी आत वातानुकूलनाचा गारवा असतो, म्हणून पातळ स्वेटर हाताशी ठेवावा. मुलाच्या खिशात आई-वडिलांची नावे व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि चुकामूक झाली तर गणवेशातील कर्मचाऱ्यापाशी जाऊन उभे राहायचे, हे त्याला घरीच शिकवलेले असावे.

उतरल्यानंतर

झाव्हेंटेमच्या विमानतळाखालीच रेल्वेस्थानक आहे. तेथून अँटवर्पचे मध्यवर्ती स्थानक आगगाडीने सुमारे अर्ध्या-पाऊण तासावर. १९०५ मध्ये खुल्या झालेल्या या घुमटाकार, राजवाड्यासारख्या इमारतीला लागूनच एका बाजूला हिरेबाजाराच्या गल्ल्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला १८४३ मध्ये स्थापन झालेले प्राणिसंग्रहालय. पहिल्या दिवशी नातलगांच्या भेटीगाठी आणि पेढीवरचे नमस्कार थोडे लांबवून मुलाला उजेडात तासभर हिंडू द्यावे. दिवसाचा प्रकाश शरीराचे घड्याळ नव्या वेळेवर आणतो. पश्चिमेकडे जाताना हा बदल तुलनेने सोपा जातो. भारतात परतताना तो अधिक जड जातो, म्हणून परतीनंतरचे पहिले तीन-चार दिवस लग्न, पूजा वा दूरच्या यात्रेसाठी ठेवू नयेत. सकाळी लवकर पडदे उघडावेत, दुपारची झोप आवरती ठेवावी आणि जेवणाच्या वेळा लगेच स्थानिक कराव्यात.

या वाटेने मुलांना पुन्हा पुन्हा जायचे आहे. एकदा कान दुखून, उपाशी आणि झोपमोड होऊन प्रवास झाला, तर आजोळचे नाव निघताच मूल कुरकुरते. एकदा तो सुखाचा झाला, तर पुढच्या खेपेला तेच आधी पिशवी भरायला घेते. तिकिटात वाचलेल्या काही हजारांपेक्षा ही ओढ टिकवणे घराला अधिक लाभाचे आहे.