गुंजवण्याचे घर आणि उर्दूची पाटी

कोंढव्यातून बाहेर पडायचे, हे आम्ही दोघांनी गेल्या वर्षी ठरवले. भाडे हे एक कारण होतेच, पण खरे कारण मुले. थोरली सहा वर्षांची, धाकटा तीन. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांना धावायला जागा म्हणजे जिना. आमच्यातल्या एकाची नोकरी पुण्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत, दुसऱ्याची शिरवळच्या कारखान्यात. सातारा रस्त्याच्या आसपासचे एखादे गाव पाहावे, म्हणजे दोघांनाही जाता-येता येईल, एवढाच हिशेब मनाशी होता.

जागा विकत घेण्याचा विचार फार टिकला नाही. स्वतः शेतकरी नसलेल्या माणसाला कुळकायद्यामुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि आमच्या दोन्ही घरांत सातबारा कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. बिनशेती प्लॉट आहेत, पण रिंगरोडच्या बोलण्यानेच त्यांचे भाव आमच्या पगाराच्या पलीकडे गेलेले. म्हणजे भाड्याचेच घर. खेड शिवापूरला कमरअली दरवेशांच्या दर्ग्यामुळे आपली माणसे येत-जात असतात, म्हणून आधी तिथे पाहिले. हायवेची धूळ आणि गाड्यांचा आवाज पाहून परतलो. मग एका ओळखीच्याने गुंजवण्याचे घर सुचवले.

चेलाडी फाट्यावरून आत वळायचे. नसरापूर, विंझर, मार्गासनी, साखर, आणि रस्ता जिथे डोंगराला टेकतो तिथे गुंजवणे. वर राजगड. भातखाचरे, कौलारू घरे आणि हवा अशी की धाकट्याचा खोकला त्या दिवशी तरी थांबला. वेल्हे तालुक्याला राजगडचे नाव द्यायचे २०२४ मध्ये ठरले आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत राजगडही आहे. त्यामुळे शनिवार-रविवारी चोरदरवाजाच्या वाटेने चढणाऱ्यांची रीघ असते. घरोघरी पिठले-भाकरीची सोय. रिकामी खोली वर्षभर भाड्याने देण्यापेक्षा ट्रेकवाल्यांना रात्रीपुरती देणे लोकांना परवडते, हेही तिथेच कळले.

घरमालकीण साठीच्या पुढची. नाव ऐकून तिने क्षणभर पाहिले. आम्ही तयारीत होतो, कारण ते पाहणे आम्हाला शहरातही ओळखीचे आहे. ती म्हणाली, ‘‘गुरुजी, मटण शिजवता का हो घरात?’’

‘‘शिजवतो, मावशी.’’

‘‘मग गुरुवारी तेवढं नका शिजवू. माझा उपवास असतो, वास आला की जीव जातो माझा.’’

भाडेही तिने वाजवी सांगितले. घर मिळत होते, आणि अडचण आता आमच्याच बाजूला उरली होती.

पहिली अडचण घड्याळाची. पुणे तिथून साठेक किलोमीटर. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. मुलांच्या झोपेसाठी चांगलाच आहे. पण आम्ही शिकवतो ते वर्ग सहावी ते आठवीचे, आणि शाळा सकाळची. म्हणजे पहाटे पाचच्या आत घर सोडायचे. पावसाळ्यात, या रस्त्याने, अंधारात. गंमत अशी की खेड्यातल्या शाळांचे अनेक शिक्षक पुण्यात राहून इकडे येतात. त्यांची-आमची रोज चेलाडी फाट्यावर गाठ पडली असती.

दुसरी अडचण मोठी. या खोऱ्यात आम्ही जिथे जिथे चौकशी केली तिथे शाळा मराठीच. उर्दू वर्ग उघडायला मुले लागतात, ती आणायची कुठून? मराठी शाळांनाच पट टिकवता येत नाही. वीसपेक्षा कमी मुले असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची योजना सप्टेंबर २०२३ मध्ये आली, तेव्हा याच तालुक्यातल्या पानशेतचा दाखला दिला गेला होता.

आम्ही दरवर्षी उन्हाळ्यात मोहल्ल्यात घरोघर फिरतो. ‘मुलांना उर्दू शाळेत घाला, मादरी जबान आहे’ म्हणून सांगतो. पट घसरला की संचमान्यतेत पद जाते आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो. यात पोटाचा प्रश्न आहे, पण नुसता पोटाचा नाही. आणि आता आमचीच मुलगी मराठी शाळेत? घरात अम्मींनी हे सरळ विचारले. एक नातेवाईक तर म्हणाले, ‘‘उर्दूची रोटी खाता आणि मुलीला क ख ग?’’

त्यांना उत्तर देणे सोपे नव्हते. आमच्या शिक्षकखोलीतली निम्मी मुले इंग्रजी शाळांत आहेत, हे उत्तर नव्हे. आमच्याजवळ होते ते एवढेच, की आठवीतला आमचा हुशार मुलगा मराठीत साधा अर्ज लिहिताना अडखळतो. पुढे पोलिसभरतीची लेखी परीक्षा मराठीत, एमपीएससीला मराठीचा पेपर. मराठी आम्ही शाळेत शिकवतोच, पण वर्गाबाहेर त्याच्याशी मराठीत भांडायला कुणी नसते. भाषा तर भांडता भांडताच येते. उर्दूचे तसे नाही. ती घरात आहे, अम्मींच्या तोंडात आहे. तिला लिपी द्यायची तेवढे काम आमचे, आणि ते करायला आम्ही बी.एड. झालेलोच आहोत. तरी पटावरचे एक नाव आमच्या हाताने कमी होणार होते. ते दुखले, अजून दुखते.

गुंजवण्याच्या मावशींना नाही म्हणून कळवले. घर घेतले ते अलीकडे, नसरापुरात. पुणे आणि शिरवळ दोन्हीकडे जाणारी गाडी फाट्यावर मिळते. अंगण आहे, बोअरचे पाणी जरा जड आहे, डाळ शिजायला वेळ लागतो.

थोरली जूनपासून मराठी शाळेत पहिलीत आहे. संध्याकाळी मगरिबनंतर अर्धा तास उर्दूची पाटी. पहिल्या आठवड्यात अलिफ, बे, पे डावीकडून लिहू लागली, मग शाळेच्या वहीत ‘कमळ’ उजवीकडून. आता दोन वह्या दोन बाजूंनी उघडते आणि शेजारच्या मुलीला उर्दूची वही दाखवून, ‘‘ही उलटी नाही, हिचं पहिलं पान इकडे असतं’’ म्हणून बजावते. कोंढव्याहून अम्मींनी तिला चार ओळींचे पत्र पाठवले आहे. ‘‘वाचून दाखवू का?’’ विचारले तर पत्र पाठीमागे लपवते. स्वतः वाचायचे म्हणते. अजून तीन-चार महिने लागतील.