चौथा रकाना

आमदार आरोग्यावर इतके प्रश्न विचारतात, तरी खान्देशातल्या दवाखान्यांत फरक का पडत नाही, यावर लिहा, असे संपादकांनी कळवले. आरोग्य सेवेत असताना विधिमंडळाच्या प्रश्नांची उत्तरे तयार करण्यात माझी बरीच वर्षे गेली. टीव्हीवरच्या गोंधळालाच लोक प्रश्न विचारणे समजतात, याचा म्हणूनच मला त्रास होतो. खरा प्रश्न कागदावर असतो. तारांकित असेल तर मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचे उत्तर लेखी येते. तातडीच्या बाबीसाठी विधानसभेत नियम 105 खाली लक्षवेधी सूचना असते. आमदाराच्या चार ओळी मंत्रालयातून जिल्ह्यात, तालुक्यात आणि शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रात उतरतात. माहिती त्याच पायऱ्यांनी वर चढते, तीही बहुधा एका रात्रीत. हे काम करणाऱ्या कारकुनांचा आणि परिचारिकांचा मला अभिमान आहे.

खोट आहे ती तक्त्यात. मंजूर, भरलेली, रिक्त असे पदांचे तीन रकाने असतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या केंद्रातला डॉक्टर प्रतिनियुक्तीवर शहरात बसत असला, तरी त्याचे पद भरलेलेच दिसते. 'पद रिक्त असल्याने रुग्णांचे हाल होतात, हे खरे आहे काय?' असे विचारले की 'हे खरे नाही' असे उत्तर येते, आणि कागदापुरते ते बरोबर असते. प्रत्यक्ष हजर किती, हा चौथा रकाना हवा, असे मी बैठकांमध्ये सांगत आलो. नमुना ठरलेला आहे, एवढेच ऐकायला मिळाले. पण नमुना माणसांनीच ठरवलेला असतो. रात्री दोन वाजता बाळंतिणीला तक्त्यातला नव्हे, समोरचा डॉक्टर लागतो.

मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी निवासी डॉक्टरला इतके मारले की त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. तिथे मेंदूशल्यचिकित्सक नव्हता, म्हणून त्याने रुग्णाला दुसरीकडे न्यायला सांगितले होते. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि सरकारने 1,100 सुरक्षारक्षकांचे आश्वासन दिले. रक्षक हवेतच. पण ज्या उणिवेतून हे सारे घडले, ती सुरक्षेच्या चर्चेत मागे पडली. मला हे आजही अस्वस्थ करते.

दुसरी अडचण खात्यांची. 2018 मध्ये जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जिल्हा रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे गेले. चोपड्याचे उपजिल्हा रुग्णालय मात्र सार्वजनिक आरोग्य विभागाचे, आणि गावचे केंद्र जिल्हा परिषदेचे. एकच बाई बाळंतपणासाठी गावातून चोपड्याला, तिथून जळगावला पोचते, तेव्हा तीन यंत्रणा ओलांडते. आमदाराने एकाच मंत्र्याला विचारले, तर उरलेला भाग 'या विभागाशी संबंधित नाही' म्हणून सुटतो. वाटेत काय झाले, याचे उत्तर कोणीच देत नाही, आणि धोका तर वाटेतच असतो.

जून 2020 मध्ये जळगावच्या कोविड रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या एका वयोवृद्ध महिलेचा मृतदेह आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. त्यानंतरचे पावसाळी अधिवेशन सप्टेंबरात भरले, तेही दोनच दिवस आणि प्रश्नोत्तराच्या तासाविना. साथीचे कारण मला कळते. तरीही त्या वॉर्डात प्रत्येक पाळीला किती माणसे होती आणि रोजची शिरगणती कोण करत होते, हे त्या तासाला सभागृहात विचारले जायला हवे होते, असेच मला वाटते.

दिवाळीनंतर नागपूरचे हिवाळी अधिवेशन असते. जळगाव-धुळ्याच्या आमदारांनी एवढाच प्रश्न सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांना वेगवेगळा पाठवावा : अमुक तारखेला, रात्री दहा ते सकाळी सहा, प्रत्येक केंद्रात आणि रुग्णालयात कोणत्या पदाचे किती जण प्रत्यक्ष हजर होते, त्या रात्री किती रुग्ण पुढे पाठवले आणि त्यांपैकी किती पोचले? तारीख लिहायला विसरू नये. ती नसली की वर्षाची सरासरी येते.