धुक्यातली सोबत

प्रवासाला सोबत हवी, असे आपण नेहमी म्हणतो. पण सोबत म्हणजे नेमके काय, हे सपाट रस्त्यावर कधी कळत नाही. तिथे सोबत म्हणजे गप्पा, भाजलेले शेंगदाणे आणि मागच्या लग्नातल्या मानपानाची उजळणी. सोबतीची परीक्षा घाटात होते. आणि घाटात धुके असेल तर ती तोंडी न राहता प्रात्यक्षिकाची होते. शाळेत शिकवणाऱ्या बाईला दुसरी उपमा कुठून सुचणार?

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर चार दिवसांनी मी माझ्या वडिलांना, अण्णांना घेऊन महाडहून साताऱ्याला निघाले. गाडी मी चालवत होते. हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण ज्यांनी तीस वर्षे एस. टी.ची लाल गाडी हाकली, त्यांतली निम्मी पोलादपूर-महाबळेश्वरच्या आंबेनळी घाटात, त्यांना शेजारी बसवून त्याच घाटात गाडी घालणे म्हणजे गवयासमोर अंगाई म्हणण्यासारखे आहे. मी गाडी शिकले तीच मुळी चाळिशीत.

अण्णांना काचबिंदू झाला होता. हा आजार मोठा चोरपावलांचा. दुखत नाही, खुपत नाही; समोरचे नीट दिसत राहते आणि कडेची नजर आधी जाते, म्हणून पुष्कळांना तो उशिरा कळतो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंब घालून राखायची. साताऱ्याच्या डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगितले आणि म्हणाले, "आता कुठलंही वाहन चालवायचं नाही." ज्या माणसाची हयात रस्त्याची कड सांभाळण्यात गेली, त्याची नेमकी कडच नाहीशी व्हावी! अण्णांनी त्या दिवसापासून घरात बोलणे जवळजवळ सोडले. विचारले तर उत्तर देत, एवढेच. आता थेंबांनी डोळ्यांतला दाब उतरला की नाही, ते पाहायला आम्ही निघालो होतो. मला भीती त्या दाबाची होती, आणि त्याहून जास्त अण्णांच्या मौनाची.

पोलादपूर सोडले तेव्हा नुकते उजाडत होते. खाचरांत भात पिवळे पडले होते, काही ठिकाणी कापणीही लागली होती. चढण सुरू झाली आणि धुके भेटले. आश्विनातले धुके आषाढातल्यासारखे नसते. आषाढात समुद्रावरचा ढगच सह्याद्रीला येऊन टेकतो. आश्विनात रात्री आभाळ मोकळे असते. जमीन आपली ऊब वर सोडून देते, गार हवा खोऱ्यात उतरून साचते आणि तिथल्या ओलाव्याचे धुके होते. उन्हाची पहिली तिरीप लागली की ते जागे होते आणि आपल्याबरोबरच घाट चढू लागते. पाहता पाहता डोंगर गेला, दरी गेली, समोरचा रस्ताही गेला. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरावर एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा दरडी कोसळून हा रस्ता जागोजागी खचला होता. ते सारे मला त्याच क्षणी आठवायचे होते. मी घाबरून मोठा दिवा लावला. समोर नुसती पांढरी भिंत उभी राहिली.

"दिवा खाली कर, बाय," अण्णा म्हणाले. "धुक्यावर उजेड मारलास तर ते उजेड परत तुझ्याच डोळ्यांत फेकतं."

मी दिवा खाली केला. चार हात रस्ता दिसू लागला. अण्णांनी आपल्या बाजूची काच उतरवली आणि कान बाहेर लावला.

"दुसरा गिअर. आता बोलू नकोस, ऐक. डोंगर जवळ असला की गाडीचा आवाज परत येतो. दरी असली की ती आवाज गिळते."

मी ऐकले, आणि खरेच ऐकू आले. डावीकडे कातळ होता तिथे इंजिनाची घरघर अंगावर येई. मोरीपाशी पाणी खळखळे. मग एकदम सारे पोकळ होई. "आता उजवं वळण. लांबट आहे, घाई नको. भोंगा दे. थांब, वरून गाडी येतेय." पलीकडून दोन पिवळे डाग आले. माझा पाय ब्रेककडे गेला, तशी अण्णा म्हणाले, "अरुंद जागी चढणाऱ्याचा मान पहिला. तो थांबेल." तो थांबला. पुढच्या तासाभरात अण्णा इतके बोलले, तितके गेल्या तीन महिन्यांत बोलले नव्हते. एकदाही त्यांनी स्टिअरिंगकडे हात नेला नाही; हँडब्रेकलाही नाही.

वाडा कुंभरोशीला, जिथून प्रतापगडाचा फाटा फुटतो, आम्ही चहाला थांबलो. गड धुक्यात कुठे होता कोण जाणे. १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखानाची फौज रडतोंडीच्या घाटाने पार गावाकडे उतरली, ती याच मुलखात. परक्याला इथली वाट दिसत नाही आणि जावळीच्या माणसाला ती पाहावी लागत नाही. मी मुलांना शिकवते ते सारे बोलले. अण्णांनी ऐकून घेतले. मग बशीतला चहा फुंकत म्हणाले, "घरी उंबरा आला की मला सांगत जा. पायरी आली की सांग. मी तुला वळण सांगितलं ना, तसं. नुसतं सांगायचं. हात धरायचा नाही."

त्यांच्या मौनाचे कारण मला तेव्हा कळले. घरात आम्ही सगळे धावून धावून त्यांचा हात धरत होतो.

महाबळेश्वराच्या अलीकडे धुके सरले. खाली जावळीचे खोरे पांढरे शुभ्र भरलेले, उतारावर सोनकीची पिवळी फुले. इथून निघणारी सावित्री पश्चिमेला समुद्राला मिळते, आणि कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळून पूर्वेच्या उपसागराकडे जाते. अण्णांनी समोर पाहिले, मग कडेचे पाहण्यासाठी सबंध मान वळवून पाहिले. "दिसलं," ते म्हणाले.

साताऱ्याला डॉक्टर म्हणाले, दाब उतरला आहे; थेंब मात्र जन्मभर चुकवायचे नाहीत.

दिवाळीत पहाटे अभ्यंगस्नानाला अण्णा उठले, तेव्हा आमचे धाकटे चिरंजीव वाटेत उभे होतेच. "अण्णा, पायरी!" तो असा ओरडला की शेजारच्यांचेही दिवे लागले.

"अरे, भोंगा हळू वाजव," अण्णा म्हणाले, आणि पायरी उतरून न्हाणीकडे गेले.