पाण्यातली कोळपणी



कोळपताना एखादी ओळ सुटली तर पुढे काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. माझा थोरला भाऊ नौदलात होता. रजेवर आला की बांधावर बसून आमची कोळपणी पाही नि म्हणे, "आमचंही हेच काम. फक्त रान पाण्याचं."

त्याचे जहाज समुद्रातले सुरुंग काढणारे. त्या जातीची १२ जहाजे आपण सोव्हिएत रशियाकडून घेतली होती. काही सुरुंग तळाशी साखळीने बांधलेले असतात. जहाजामागून कातऱ्या लावलेली तार ओढायची, साखळी तोडायची, सुरुंग वर आला की दुरून गोळी घालून फोडायचा. जहाज लहान, हेलकावे भारी. पण तासाला तास लावून सावकाश जायचे.

आई विचारी, "लढाई नाही, मग भीती कसली?"

"सुरुंगाला तह कळत नाही, आई."

खरेच होते. १९९१ च्या आखाती युद्धात १८ फेब्रुवारीला एकाच दिवशी दोन अमेरिकी युद्धनौका सुरुंगांवर आदळल्या. लढाई थांबल्यावरही कुवेतचा समुद्र साफ करायला कित्येक महिने लागले.

१३ एप्रिल २०१९ रोजी त्या १२ जहाजांतले शेवटचे, 'कोळिकोड', विशाखापट्टणमला निवृत्त झाले. बातमी वाचून भाऊ एवढेच म्हणाला, "अवजार मोडीत निघालं. तण थोडंच थांबतं?"

आपला कांदा न्हावाशेवाहून दुबईला जातो, तो पाण्याच्याच वाटेने. ती वाट निर्धोक ठेवणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. पीक डोलू लागल्यावर कोळपणाऱ्याचे तरी आपण कुठे घेतो?