बिनकामाच्या बटणाला काम मिळालं

बालमित्रांनो, 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द जरा मोठ्यानं वाचा पाहू. आमच्या पनवेलजवळच्या कर्नाळ्यावर चढलात तर खाली दऱ्या दिसतात. दर्या बघायचा तर उरणची वाट धरावी लागते. लिहिताना फरक केवढासा! 'र' डोक्यावर फेट्यासारखा बसला की समुद्र, आणि अक्षराच्या पुढे पापणीसारखा टेकला की डोंगरातली खोल जागा. आचार्यांना बोलावलं तर गुरुजी येतात, आचाऱ्यांना बोलावलं तर जिलबी मिळते! हिंदीला हा पापणीवाला 'र' लागत नाही, आपल्या मराठीला मात्र रोज लागतो. सुऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, वऱ्हाड, कुऱ्हाड... म्हणाल तेवढे शब्द.

आता हे कॉम्प्युटरवर टाईप करून बघा. सरकारी पद्धतीचा जो 'इन्स्क्रिप्ट' कळफलक आहे, त्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं अशी छान मांडणी असते. त्यावर साधा 'र' म्हणजे जे हे इंग्रजी अक्षर असलेली कळ. पापणीवाल्यासाठी शिफ्ट धरून जे, मग पाय मोडायला डी, आणि मग पुढचं 'य' किंवा 'ह'. चौथीतल्या मुलांची बोटं ती केवढी! शिफ्ट सुटते आणि दऱ्यांचा दर्या होतो.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिच्या आडनावात कुऱ्हाडीतला 'ऱ्हा' आहे. मागे एका कार्यालयातून तिचा एक दाखला आला, त्यावर 'र'चा रफार करून 'ह'च्या डोक्यावर ठेवलेला. तिच्या बाबांनी तो पाहिला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "चालतंय बाई, आम्हाला सवय झाली," म्हणाले. ती मात्र मला हळूच म्हणाली, "बाई, हे माझं नाव नाहीये." तुम्हीच सांगा, यावर काय बोलायचं? आपलं नाव ही काय सवय करून घ्यायची गोष्ट आहे?

आणि नेमकं त्याच सुमारास शाळेला एक नवा लॅपटॉप भेट मिळाला. वर्गाचा अंक त्यावरच टाईप करायचा असं ठरलं. पहिल्याच दिवशी मुलांनी शोध लावला, की उजव्या बाजूला, बाणांच्या कळांशेजारी एक अनोळखी बटण आहे. बाण दाबायला जावं तर बोट घसरून त्याच्यावर पडायचं आणि टपकन एक खिडकी उघडायची. निबंध राहिला मागे!

हे कोपायलट नावाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला हाक मारायचं बटण. मायक्रोसॉफ्टनं ते ४ जानेवारी २०२४ रोजी जाहीर केलं. त्याआधी १९९४ मध्ये खिडकीच्या चित्राची कळ आली होती. म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी कळफलकावर नवा पाहुणा आला. माझं त्या बुद्धिमत्तेशी भांडण नाही हं. मोठेपणी तुम्ही तिच्याकडून पुष्कळ कामं करून घ्याल. पण वर्गाच्या अंकात मला तुमच्या डोक्यातली वाक्यं हवीत, मग ती वाकडीतिकडी का असेनात. तेव्हा आमच्यापुरतं ते बटण बिनकामाचंच.

बिनकामाच्या कळीला काम देणारे आम्ही काही पहिले नव्हे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनिअरनं दोन कॉम्प्युटरमध्ये पत्र पाठवायचं ठरवलं. माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये ठेवायला त्याला एक खूण हवी होती. त्यानं कळफलकावर नजर टाकली आणि कोणी फारसं न वापरणारी ॲट ही खूण उचलली. आज तिच्याशिवाय ई-मेलचं पानही हलत नाही! जुन्या कित्येक इंग्रजी टाईपरायटरवर १ या आकड्याची कळच नसे. मग टायपिस्ट काय करत? धाकटा एल दाबत, दिसतो तसाच की!

आपल्या रुपयाचीही हीच गंमत. १५ जुलै २०१० रोजी सरकारनं रुपयाचं नवं चिन्ह स्वीकारलं. ते काढलं होतं उदय कुमार यांनी, पवईच्या आयआयटीत शिकलेल्या. आपला 'र' आणि इंग्रजी आर यांचा मिलाफ आहे तो. पण चिन्ह आलं, कळ कुठाय? तेव्हा मंगळूरच्या फोरेडियन नावाच्या कंपनीनं लगेच एक फाँट तयार केला आणि टॅबच्या वरच्या, एरवी पडून असलेल्या कळीवर रुपया बसवला.

तर आमचं बटण. ते दाबलं की आत काय होतं ठाऊक आहे? ते एकटं बोलतच नाही! खिडकीची कळ, शिफ्ट आणि एफ २३ अशा तीन कळा एकदम दाबल्याचा निरोप धाडतं. तुमच्या कळफलकावर एफ १२ च्या पुढे काही आहे का? नाही ना! १९८० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या यंत्रांच्या कळफलकांवर अशा चोवीस कळा असत. त्यातली तेविसावी हे बटण अजून हळूच वापरतं. भूतच म्हणा ना! मुलांना ही भुताची गोष्ट इतकी आवडली, की मधल्या सुट्टीत डबे उघडायचेही राहिले.

निरोप कळला की तो वळवता येतो. मायक्रोसॉफ्टचीच 'पॉवरटॉईज' नावाची फुकट मिळणारी साधनं आहेत. त्यात 'कीबोर्ड मॅनेजर' आहे. त्याला सांगायचं, या तीन कळांचा निरोप आला की खिडकी उघडू नकोस, अमुक मजकूर लिही. आम्ही मजकूर दिला पाय मोडलेला पापणीवाला 'र'. झालं! आता बटण दाबायचं आणि पुढे 'य' किंवा 'ह' लिहायचा. (घरी करून बघणार असाल तर आईबाबांना किंवा ताईदादाला शेजारी बसवा. आणि ते साधन चालू असेपर्यंतच ही युक्ती चालते, बंद केलं की बटण पहिल्यासारखं. तेव्हा घाबरायचं कारण नाही.)

पहिलं बटण कोणी दाबायचं यावर वर्गात भांडण होईल असं मला वाटलं होतं. झालं नाही. सगळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं. तिनं एका बोटानं, जीभ दाताखाली धरून, पूर्ण नाव लिहिलं. 'ऱ्हा' नीट उमटला. मग तिनं ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं. असं तीनदा! अंकात तिची वऱ्हाडाची गोष्ट आली आहे, बैल बुजल्यावर नवरदेव चिखलात पडतो ती. गोष्टीखाली तिचं नाव आहे. छापलेली एक प्रत ती बाबांसाठी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी कळलं, की ती फडताळाच्या दाराला आतून चिकटवली आहे.

बटणावर आता वहीच्या लेबलाचा कापलेला तुकडा आहे, त्यावर शाईनं पापणी काढलेली. शाई दोनदा पुसली गेली, म्हणून वरून चिकटपट्टी लावली आहे. सध्या वर्गात वेगळाच वाद चालू आहे. एका मुलाचं म्हणणं, 'ॲ'लाही एक कळ हवी, कारण त्याला 'ॲम्ब्युलन्स' फार लागते. (त्याचे काका ती चालवतात.) पण रिकामी कळ आता उरलीय कुठली? तुमच्या घरच्या कळफलकावर एखादी सापडली, तर आमच्या चौथीला जरूर कळवा.