नदीचें मूळ आणि धुनेचें कूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्या वाडवडिलांनीं सांगून ठेविलें आहे. परंतु पस्तीसाहून अधिक वर्षें मुलांकडून शब्दांचे धातु शोधवून घेण्यांत गेल्यामुळें आम्हांस हा उपदेश कधींच मानवला नाहीं. गतवर्षीं आमचा नातू बांसरीवर एक परदेशी धून वाजवूं लागला. बेलफास्टचे विख्यात बांसरीवादक सर जेम्स गॉलवे यांच्या वादनावरून त्यानें ती उचलली होती. सारे स्वर शुद्ध. मंद्र निषादावरून ती हलकेच उठते, सुमारें दीड सप्तकांत फिरते, उत्तरार्धांत एकदांच तार गांधारास शिवते आणि षड्जावर येऊन विसावते. तो गांधार लागला कीं घरांतील बोलणीं आपोआप थांबत.

नातू म्हणाला, "आजोबा, ही 'डॅनी बॉय' या गाण्याची चाल." हें अर्धेंच खरें. तें गाणें फ्रेडरिक वेदर्ली नामक एका इंग्रज बॅरिस्टरानें १९१० सालीं रचलें. १९१२ सालीं त्याच्या भावजयीनें अमेरिकेहून ही धून पाठविली, तेव्हां त्यानें आपले शब्द तिच्या मापाचे करून घेतले आणि १९१३ सालीं तें प्रसिद्ध झालें. म्हणजे शब्द कालचे. धून त्याहून किती तरी जुनी. बांसरीवर ती अधिक गोड वाटते याचें कारण आमच्या मतें हेंच, कीं तेथें हें उसनें वस्त्र गळून पडतें.

ही धून प्रथम छापली गेली ती १८५५ सालीं, जॉर्ज पेट्री यांच्या आयर्लंडच्या प्राचीन संगीतावरील ग्रंथांत. काळ कसा होता, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो दुष्काळ झाला, त्यांत सुमारें दहा लक्ष माणसें दगावलीं आणि तितकींच देश सोडून गेलीं. गाणारेच गेले, तेव्हां गाणीं कोठून राहणार? या भयानें पेट्रीप्रभृति मंडळी चाली उतरून घेण्यास लागली होती. लंडनडेरी परगण्यांतील लिमॅव्हॅडी गांवच्या जेन रॉस या बाईंनीं आपल्या भागांतील पुष्कळ चाली टिपून त्यांस दिल्या. त्यांत ही एक. शब्द नाहींत, नांव नाहीं. फार जुनी, एवढाच निर्देश. पुढें परगण्याच्या नांवावरून लोक तिला 'लंडनडेरी एअर' म्हणूं लागले. लिमॅव्हॅडींत असें सांगतात कीं, बाजाराच्या दिवशीं जिम मॅकरी नांवाचा एक अंध फिडलवादक बाईंच्या घरासमोर वाजवीत बसला होता, त्याच्याकडून त्यांनीं ती घेतली. ही आख्यायिका, ग्रंथांत वादकाचें नांव नाहीं.

आणि येथेंच सारा घोटाळा झाला. पुढील संग्राहकांस ही चाल लोकांच्या तोंडीं सांपडेना. तिचें वृत्तहि आयरिश गीतांच्या वृत्तांशीं जुळेना. मग पंडित कुजबुजूं लागले, कीं बाईंनीं ती स्वतःच रचून जुनी म्हणून खपविली असावी! हें वाचून आम्हांस फार वाईट वाटलें. कीर्तीची हांव असती तर बाईंनीं आपलें नांव घालून छापली नसती काय? १९३४ सालीं अ‍ॅन गिलख्रिस्ट या विदुषीनें निराळा तर्क मांडला. मूळ चाल तीन मात्रांची असावी; वादकानें भावनेच्या भरांत लय सैल सोडली आणि बाईंनीं ती चार मात्रांत बसविली. या तर्कानें अप्रामाणिकपणाचा डाग पुसला, पण कानाचा दोष उरलाच.

पुढें १९७४ सालीं ह्यू शील्ड्स या संशोधकास एक जुनी चाल आढळली. १७९२ सालीं बेलफास्टला हार्पवादकांचा मेळा भरला. दहा आयरिश वादक जमले. त्यांच्या चाली उतरून घेण्यास एडवर्ड बंटिंग हा अवघ्या एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक नेमला होता. त्या दहांत डेनिस हेम्सन नांवाचा एक वृद्ध होता. तिसऱ्या वर्षीं देवीनें दृष्टि नेलेली; पितळी तारा लांब वाढविलेल्या नखांनीं छेडण्याची प्राचीन पद्धत त्या मेळ्यांत त्याच्या एकट्याच्याच हातीं उरली होती. १८०७ सालीं तो वारला, तेव्हां लोक त्याचें वय एकशेंबारा सांगत. त्यानें वाजविलेली 'तरुणाचें स्वप्न' या अर्थाच्या आयरिश नांवाची चाल बंटिंगनें १७९६ सालीं छापली, आणि ती गिलख्रिस्टबाईंनीं कल्पिलेल्या रूपाशीं पुष्कळ मिळते. हेम्सन राहणारा मॅगिलिगनचा. तेथून लिमॅव्हॅडी जवळच! २००० सालीं ब्रायन ऑड्ली यांनीं आणखी दाखविलें, कीं तो तार स्वरांचा भाग मूळचा त्या गीताच्या ध्रुवपदाचा असून कालांतरानें चालीच्या अंगांतच मुरला. आणि १८१४ सालच्या एका छापील गीताची चालहि हीच. जेन रॉस १८७९ सालींच निवर्तल्या होत्या.

वेदपठणांत पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनीं एक स्वरहि हलूं न देण्याची तजवीज आपल्या पूर्वजांनीं केली. धुनेस असें कुंपण नाहीं. ती हार्पवर एक, फिडलवर दुसरी. सहा छिद्रांच्या लांकडी आयरिश बांसरीवर बोटें भोंकांवर सरकत तिला मींड देतात, तेव्हां ती तिसरीच होते. कोणता पाठ शुद्ध, हें ठरविण्याची आमची जुनी खोड येथें चालत नाहीं. तरी नातवाला आम्ही मात्रा मोजावयास लावतोंच!

आमच्या थोरल्या वहिनी आतां सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचीं मंगळागौरीचीं गाणीं नात आपल्या मोबाईलांत उतरून घेते. परवां आम्हीं तिला वही आणावयास सांगितली आणि प्रत्येक गाण्याखालीं तारीख, गांव व कोणाकडून आलें तें लिहावयास लावलें. वहिनी हंसून म्हणाल्या, "भावजी, माझ्या आत्यानं शिकवलं. तिला तिच्या सासूनं. त्या सासूचं माहेर राजापूरकडचं, पण नांव कोणाला ठाऊक?" नातीनें तेंहि तसेंच लिहून घेतलें.